सूर हलविणे आणि सूर लावणे

श्रम वाचविणे हा दोष मानावा काय, हा प्रश्न इचलकरंजीत बसून विचारणे म्हणजे थोडे धाडसच होय. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी या गावी पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढे गावाची भरभराट त्याच खडखडाटात वाढली. धोटा हाताने फेकला काय किंवा यंत्राने फेकला काय, कापड ते कापडच, हे येथील लहान मुलासही ठाऊक असते. तरीही परवा एका स्नेह्यांच्या घरी हाच प्रश्न निराळ्या रूपाने आमच्यापुढे आला, आणि त्याचा निवाडा आम्हांस प्रथम वाटला तितका सोपा नव्हता.

त्या घरचा नातू विजेची गिटार वाजवितो. त्याच्या वाद्यवृंदातील गायकाचा गळा खालचा असल्याने काही गाणी एक पूर्ण स्वर उतरवून घ्यावी लागतात. सहाही तारा सैल कराव्यात तर त्या लुळ्या पडतात, पडद्यांवर आपटून खरखरतात. शिवाय पुढच्या गाण्यासाठी पुन्हा चढवाव्या लागतात. म्हणून त्याने पायाशी एक पेडल ठेविले आहे. ते तारेच्या ध्वनीचे सूक्ष्म अंश आकड्यांच्या रूपाने साठविते आणि त्यांचा वेग बदलून ते पुन्हा सांधते. सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ८२ कंपने करीत असता कर्ण्यातून मात्र सुमारे ७३ कंपनांचा स्वर निघतो. अमेरिकेतील इव्हेंटाइड कंपनीने या जातीचे यंत्र १९७५ साली बाजारात आणिले; आज ते पायाखाली मावते.

आजोबा जुने गानप्रेमी. ते म्हणाले, “अरे, तार एक बोलते आणि तुझा कर्णा दुसरेच सांगतो. हा खोटा सूर झाला.” नातू म्हणाला, “आजोबा, लोक गाणं ऐकायला येतात. तार किती सैल केली हे तुम्ही तरी कुठं बघता?” आणि दोघांनीही आमच्याकडे पाहिले.

आमच्या मते येथे नातवाची बाजू खरी आहे. जेथे कोणाचा विश्वास फसविला जातो तेथे असत्य असते. श्रोत्याला तारेच्या ताणाविषयी कोणी वचन दिलेले नसते. आपल्याकडे तर गायक आपला षड्ज गळ्याच्या सोयीने मांडतो, आणि त्यास कोणी खोटे म्हणत नाही. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत उघडले नाही. पण तिच्यावरील मुख्य आक्षेप स्वर ठरीव असणे आणि मींड न निघणे हे होते, श्रम वाचविणे हा नव्हता.

एवढे बोलणे झाल्यावर नातवाने वाजविण्यास आरंभ केला. थोड्याच वेळात आजोबांच्या कपाळी आठी पडली. तिसरी तार किंचित उतरलेली होती. पेडलने साऱ्या तारांचा स्वर खाली नेला, आणि तिसरीचा उणेपणाही जसाच्या तसा सोबत नेला. नातवाच्या ते ध्यानी आले नव्हते. दिवा लागला आहे, आकडा बरोबर आहे, तेव्हा सूरही बरोबर असणार, असे त्याने धरून चालले होते. खरा धोका आम्हांस येथे दिसला. यंत्र सूर हलविते. ते सूर लावीत नाही.

काही श्रमांचे फळ श्रमांपासून वेगळे काढता येते. कापड हे असे फळ होय. परंतु काही श्रमांचे फळ करणाऱ्याच्या ठायीच राहते. तंबोरा लावताना केवळ तंबोराच लागतो असे नव्हे. लावणाऱ्याचा कानही लागत जातो. इचलकरंजी हे नाव ज्यांच्या नावाला जोडले गेले, त्या बाळकृष्णबुवांनी (१८४९–१९२६) वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून ग्वाल्हेरची गायकी घेऊन ती महाराष्ट्रात रुजविली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. हे धन इतका दूरचा प्रवास करून गेले ते कोणत्याही पेटीत भरून नव्हे, तर एका कानातून दुसऱ्या कानात.

आणि यंत्रमागाचा दाखला तरी काय सांगतो? साध्या मागावर ताण्यातील एखादा धागा तुटला तर माग थांबत नाही. तो दोषासकट विणीतच जातो. माग थांबविणारा डोळा विणकराचाच असावा लागतो. हात मोकळा करावा, तो डोळा मिटू नये, एवढीच मर्यादा आम्ही यंत्रास घालू.

नातवाने पेडलवरून पाय काढला, कान तारेशी नेला आणि खुंटी हळूच पिळली. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी केवळ मान डोलाविली. मग पेडल पुन्हा दाबले गेले, आणि ते गाणे आम्ही शेवटपर्यंत ऐकिले.