हँडलला टांगलेलं हेल्मेट

पहिल्या पाळीच्या वेळेला कुरकुंभच्या चौकात दुचाक्यांची रीघ लागते. पुणे-सोलापूर महामार्ग आणि दौंड-बारामती रस्ता इथे एकमेकांना छेदतात. गिरीम, मळद, पांढरेवाडी, जिरेगाव अशा चहूबाजूंनी माणसं एमआयडीसीकडे निघालेली असतात. मोटारसायकली असतात, तशा टीव्हीएस एक्सएल, एखादी टिकून राहिलेली जुनी लुना आणि हल्लीच्या बॅटरीवरच्या लहान गाड्याही. या लहान गाड्यांच्या हँडलला एका बाजूला डब्याची पिशवी असते आणि दुसऱ्या बाजूला पट्ट्याने अडकवलेलं हेल्मेट.

डोक्यावरचा ऐवज हँडलवर टांगला की दोन्हीकडून नुकसान होतं. डोकं उघडं राहतं हे उघडच आहे. पण हँडलला लोंबणारं वजन त्याच्याबरोबर डुलतं, आणि हँडल ही गाडीची सगळ्यात हळवी जागा.

रोटी घाट उतरून पाटसकडे येताना रस्ता चांगला असतो, गाडी आपसूक वेग घेते आणि एकाएकी हँडल डावी-उजवीकडे लटपटू लागतं. गॅरेजवाले म्हणतात, गाडी वॉबल मारते. ब्रिटिश अभियंते रॉबिन शार्प यांनी 1971 साली गणिताने या हेलकाव्याची फोड केली. खड्डा नसला तरी तो येऊ शकतो, कारण पुढचं चाक, चिमटा आणि हँडल यांच्या जोडणीतच त्याचा उगम आहे. सेकंदाला सहा ते दहा वेळा हँडल हेलकावतं. धक्का जाणवून हात हलेपर्यंत माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. म्हणजे डावीकडचा झोका आवरायला जावं, तोवर हँडल उजवीकडे जाऊन परत आलेलं असतं आणि आपली सावरासावर त्यालाच रेटा देते. हँडल आवळून धरायचं हे हाताला कुणी शिकवावं लागत नाही, आणि इथे नेमकं तेच घात करतं. कोपर सैल ठेवावेत, अंग थोडं पुढे घ्यावं, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा, पुढचा ब्रेक करकचून दाबू नये. मोटारसायकलवाला निदान गुडघ्यांनी टाकी आवळून स्वतःला स्थिर करतो. एक्सएलवर बसलेल्याला तेवढाही आधार नाही.

कारणं बहुतेक वेळा किरकोळ असतात. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला किंवा खाल्लेला, चाकाची रिंग आऊट, हवा कमी. शिवाय मागे कॅरिअरवर पेंडीचं पोतं किंवा दुधाचे कॅन लादले की पुढचं चाक हलकं पडतं. कोनसेट पाहायला मेकॅनिकही लागत नाही. गाडी डबल स्टँडवर घ्यावी, कुणाला तरी मागे दाबायला सांगून पुढचं चाक उचलावं आणि हँडल सावकाश फिरवावं. मधोमध ते अडकल्यासारखं झालं, किंवा चिमटा खालून धरून मागेपुढे केल्यावर टक-टक लागली, की समजावं. हँडलला लिंबू-मिरची बांधणाऱ्याने तिथेच आणखी दोन मिनिटं द्यायला हरकत नसावी.

आता डोक्याचं. कुरकुंभच्या रसायन कारखान्यांत टोपीशिवाय आत जाता येत नाही, आणि तीच पिवळी टोपी घालून काही जण महामार्गावरही येतात. ती टोपी वरून पडणाऱ्या वस्तूसाठी, आयएस 2925 या मानकाची; दुचाकीचं हेल्मेट आयएस 4151 चं, आत दाबलं जाऊन धक्का गिळणारा थर्माकोल आणि हनुवटीखाली पट्टा असलेलं. 1 जून 2021 पासून आयएसआय शिक्क्याशिवायची दुचाकी हेल्मेटं विकायला बंदी आहे. रस्त्याकडेच्या ढिगातलं स्वस्त हेल्मेट घेताना तो शिक्काही खरा आहे का, ते पाहावं.

गाडी लहान, वेग कमी, मग कशाला, हा युक्तिवाद सगळीकडे ऐकू येतो. अडीचशे वॅट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या बॅटरीच्या गाडीला नोंदणी नाही, परवाना नाही. त्यातून हेल्मेटही नको असा सोयीचा अर्थ काढला जातो. पण गाडी जागेवर उभी असताना माणूस नुसता कलंडला आणि डोकं दीड मीटरवरून जमिनीवर आलं, तरी ते ताशी वीसेक किलोमीटरने आदळतं. त्या हिशेबात गाडीचा वेग अजून धरलेलाच नाही.

पुण्यात 2019 च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलन झालं. उकाडा, मानेचा त्रास, ऐकू न येणं या तक्रारी मला खोट्या वाटत नाहीत. फक्त त्या हाडाच्या कवटीसमोर मांडायच्या आहेत एवढंच. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी 1935 साली मोटारसायकलवरून पडून गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांतले मेंदूचे सर्जन ह्यू केर्न्स पुढे या विषयाच्या मागे लागले आणि 1941 साली त्यांनी हेल्मेटच्या उपयोगावर आपला लेख प्रसिद्ध केला.

हातमोज्यांचं तर कुणी नावही काढत नाही. पडताना माणूस आधी तळहात टेकतो. कंपनीने दिलेले मोजे लॉकरमध्ये राहतात. सेफ्टी शूज मात्र घरापर्यंत येतात, तेही बदलायचा कंटाळा म्हणून.

दर वर्षी 4 मार्चला कारखान्यांत राष्ट्रीय सुरक्षा दिन होतो, शपथ होते, फलक लागतात. त्या दिवशी दुचाकीच्या पार्किंगमध्ये हवेचा कॉम्प्रेसर आणि पाने घेतलेला एक मेकॅनिक बसवला, तर पाळी सुटायच्या आत बरेच कोनसेट कसून होतील.