बाजारात न मिळणारा खेळ

मराठवाड्यातील ज्या घरांत १९९०च्या दशकात रंगीत दूरदर्शन संच आला, त्यांतील पुष्कळ घरांत पाठोपाठ व्हिडिओ गेमही आला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉम यंत्राची ती बहुधा नक्कल असे आणि तिच्या कॅसेटीही नकलीच असत. नांदेड-लातूरच्या बाजारात अस्सल यंत्र सहसा दिसत नसे. पालकांनी कष्टाचे पैसे मोजून, भाबड्या समजुतीने ती नक्कल घेतली. पुढे ती यंत्रे भंगारात गेली. त्या वेळची मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत, आणि अभ्यासासाठी घेतलेल्या संगणकावर त्यांची मुले तेच मारिओ नि काँट्रा खेळत आहेत. मग एखादा चौकस मुलगा विचारतो, ‘‘फादर, फुकट उतरवून घेतलेला जुना खेळ खेळणे ही चोरी का?’’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

प्रथम यंत्राचा विचार करू. एका यंत्रासाठी केलेला खेळ दुसऱ्यावर चालावा म्हणून संगणकात एक आज्ञावली घालतात. तिला इम्युलेटर म्हणतात. ती संगणकाला त्या जुन्या यंत्राचे सोंग घ्यायला लावते. आपल्या गावी येणारा बहुरूपी फौजदाराचे सोंग घेतो, त्यात गुन्हा नाही. त्या सोंगावर तो हप्ता उकळू लागला तर मात्र आहे. प्लेस्टेशनचे खेळ संगणकावर चालवणारी अशीच एक आज्ञावली कनेक्टिक्स कंपनीने १९९९ साली विकायला काढली. सोनीने दावा लावला; परंतु अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००० साली कनेक्टिक्सच्या बाजूने निर्णय दिला. तेव्हा सोंग घेणे निर्दोष आहे. प्रश्न उरतो तो खेळाचा.

खेळ कोणीतरी रचलेला असतो. चित्रकार, संगीतकार, आज्ञावली लिहिणारे यांचे श्रम त्यात असतात. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, रीतसर विकत घेतलेल्या आज्ञावलीची स्वतःपुरती राखीव प्रत करता येते. मात्र बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा कलम ६३-ब अन्वये गुन्हा ठरतो. ‘मी घेतल्याने मालकाकडचे काहीच कमी होत नाही,’ असा युक्तिवाद मुले करतात. परंतु सातव्या आज्ञेचा अर्थ सांगताना ख्रिस्तसभा वेगळी कसोटी लावते. मालकाच्या वाजवी इच्छेविरुद्ध त्याची वस्तू घेणे म्हणजे चोरी. ‘वाजवी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. भुकेल्याने जीव वाचवण्यासाठी घेतलेली भाकर चोरी ठरत नाही, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच मांडले. कारण सृष्टीतील वस्तू अखेर सर्वांसाठी आहेत.

आजही विकला जाणारा खेळ फुकट उतरवणाऱ्याला हा आधार मिळत नाही. खेळ म्हणजे भाकर नव्हे. त्याची किंमत परवडत नसेल तर तो खेळू नये, एवढाच मार्ग उरतो.

अवघड प्रश्न आहे तो पुढचा. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत, असे तेथील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली दाखवून दिले. मालक विकत नाही आणि कोणाला देतही नाही. अशी इच्छा नेहमीच वाजवी म्हणावी का? कोणी कुलूप लावून धान्य कुजू दिले तर आपण त्याला दोष देतो. ग्रंथालयांतील जुने खेळ संशोधकांना दुरूनही पाहता यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ साली फेटाळली. हा निर्णय मला न्याय्य वाटत नाही. संस्कृतीचा ठेवा जपणे ही समाजाची गरज आहे.

तरीही एक भेद विसरू नये. ग्रंथपाल आपली मागणी उघडपणे, नाव देऊन आणि कायद्यापुढे मांडतो. आपण रात्री खोलीत बसून गुपचूप खेळ उतरवतो, तेव्हा आपल्याला ठेवा जपायचा नसतो, वेळ घालवायचा असतो. दुसऱ्याच्या उदात्त हेतूची ढाल आपल्या हौसेपुढे धरू नये. अशा खेळासाठी मुलाला नरकाचे भय घालणे मला अनुचित वाटते, कारण येथे दोषाचे वजन फार हलके आहे. परंतु ‘मिळत नाही’ आणि ‘पैसे द्यायचे नाहीत’ यांतील अंतर त्याला ओळखता आले पाहिजे. पुष्कळ जुने खेळ कंपन्या पुन्हा विक्रीस काढतात. तेव्हा आधी शोध घ्यावा, मिळाला तर विकत घ्यावा, नाही तर वाट पाहावी.

पालकहो, लातूरच्या शिकवणीत मुलगा जीवशास्त्र नि भौतिकशास्त्र शिकेल. सचोटी मात्र त्याला घरातच शिकायची आहे. त्याला खेळाबद्दल विचारण्यापूर्वी आपल्या संगणकातील विंडोज विकत घेतलेली आहे की दुकानदाराने फुकट घालून दिलेली आहे, हे पाहून घ्या. नंतर त्याच्याजवळ बसा आणि हा खेळ कोणी रचला, तो आज कोठे विकत मिळतो, हे दोघे मिळून शोधा.