रिकाम्या जाळ्याचे सोबती

वाचनभाग : योहान २१:१-१४



पुनरुत्थानानंतरच्या दिवसांतील एक संध्याकाळ योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात टिपून ठेवली आहे. तिबिर्य समुद्राच्या काठी सात जण जमले आहेत. त्यांतील एक उठतो आणि आपण मासे धरावयास निघालो असे सांगतो. बाकीचे सहा जण कोणतीही चर्चा न करता त्याच्याबरोबर निघतात. रात्रभर श्रम होतात आणि हाती काही लागत नाही. ह्या उताऱ्यावर आपण बहुधा ऐकतो ते सकाळच्या १५३ माशांविषयी. त्या संख्येचा गूढार्थ लावण्यात विद्वानांची पुष्कळ शाई खर्ची पडली आहे. मला मात्र आज तुमचे लक्ष त्या सहा जणांकडे वेधावयाचे आहे.

पेत्राची त्या वेळची मनःस्थिती ध्यानात घ्या. प्रमुख याजकाच्या अंगणात त्याने आपल्या प्रभूला तीन वेळा नाकारले होते. प्रभू उठला आहे हे आता त्याला ठाऊक आहे. परंतु योहानाच्या वृत्तांतात त्या रात्रीविषयी दोघांमध्ये अद्याप एक शब्दही झालेला नाही. आनंद आहे, पण त्या आनंदात मान वर करून उभे राहता येत नाही. अशा वेळी माणसाचे हात काहीतरी ओळखीचे काम शोधतात. कित्येक उपदेशक येथे पेत्राला दोष देतात. तो पाचारण विसरून जुन्या धंद्याकडे वळला असे म्हणतात. मला हे पटत नाही. सकाळी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या प्रभूने त्याला त्याबद्दल एका शब्दानेही दटावलेले नाही.

आणि सोबत कोण आहे पाहा. थोमा, ज्याच्या शंकेची गोष्ट अजून ताजी आहे. नथनेल, डोंगरातल्या काना गावचा. तो कोळी होता असे कोठेही लिहिलेले नाही. जब्दीचे दोन मुलगे, ज्यांना त्या पाण्याची नस न् नस माहीत. आणि आणखी दोघे, ज्यांची नावेही योहानाने दिलेली नाहीत. मासेमारीत नथनेलाचा कितीसा उपयोग झाला असेल? पण तो गेला.

१९८६ साली दुष्काळाने ह्या सरोवराचे पाणी ओसरले, तेव्हा दोघा कोळी भावांना काठच्या चिखलात एक जुनी नाव सापडली. ती पहिल्या शतकाच्या सुमाराची ठरली. लांबी सुमारे ८ मीटर, रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास, आणि तिच्यात अनेक जातींच्या लाकडांचे तुकडे जोडलेले. म्हणजे कोणा गरिबाने ती पुनःपुन्हा दुरुस्त करून वापरलेली. अशा नावेत सात माणसे आणि ओले जाळे म्हणजे खांद्याला खांदा लागणारच. एकाचा निःश्वास दुसऱ्याला ऐकू येणार.

त्याला समुद्र म्हणतात खरे, पण ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे; सुमारे २१ किलोमीटर लांब आणि १३ किलोमीटर रुंद. तेव्हा भिलाईसारख्या, सागरापासून शेकडो मैल आत असलेल्या गावातील वाचकाने हा प्रसंग परका मानू नये. १९५९ साली येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. पाळी सुटल्यावर, किंवा सेवानिवृत्तीनंतर, दोघे-चौघे मिळून शेजारच्या दुर्गजवळ शिवनाथच्या काठी गळ टाकून बसणे हा येथील साधा विरंगुळा. गळाला कणकेची गोळी किंवा गांडूळ, दोरीला मोरपिसाच्या देठाचा तुकडा, आणि नजर त्या देठावर. रोहू किंवा कटला लागला तर लागला. (पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, मासेमारीला बंदी असते, ती पाळावी.) अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर मित्रमंडळी अशाच संध्याकाळी पिसांची खोटी माशी गळाला बांधून पट्टेरी बास पकडावयास खाऱ्या पाण्यात उभी राहतात, आणि पुष्कळदा हाती आलेला मासा परत सोडून देतात. मासाच हवा असता तर बाजार जवळ होता.

आमच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांची पत्नी वारली. कारखान्यात आयुष्य गेलेला, अबोल माणूस. भेटावयास येणारे येत, शास्त्रवचने वाचत, सांत्वन करीत; आणि हे प्रत्येक वेळी थोडे अधिक आत जात. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोपर्यंत त्यांचे सारे ठीक होते. बिघडले ते त्यांनी बोलावयास सुरुवात केल्यावर. ह्या गृहस्थांच्या जुन्या पाळीतले तिघे एके दिवशी दाराशी आले. “चला भाऊ, शिवनाथवर जाऊ. गळ आम्ही आणलेत.” ते गेले. कोणी बाईंचे नाव काढले नाही. अंधार पडेपर्यंत बसले आणि रिकाम्या हातांनी परतले. पुढच्या आठवड्यात पुन्हा. असे कितीतरी वेळा झाल्यावर एका संध्याकाळी, डोळे पाण्यावरच ठेवून, ते गृहस्थ आपण होऊन म्हणाले, “ती रोहूच्या रश्शात कैरी घालायची.” शेजारच्याने तितक्याच सहजपणे विचारले, “आणि तिखट?” मग ते बोलत राहिले. घरी जाताना पाटीत एकही मासा नव्हता.

आपल्या मंडळ्यांत सांत्वनासाठी प्रार्थनासभा भरतात, आणि त्या भरल्याच पाहिजेत. पण सभा तासाभराने संपते, आणि रात्र तेथून पुढे सुरू होते. त्या रात्रीला नावेत बसणारा कोणी लागतो. त्याला उत्तर ठाऊक असण्याची गरज नाही. थोमाला कोठे ठाऊक होते?

पेत्राच्या नकाराचा विषय त्या सहा जणांपैकी कोणीही काढला नाही. तो प्रभूने काढला, आणि तोही न्याहारी झाल्यावर. योहान सांगतो की किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव होता. त्याने वापरलेला मूळ ग्रीक शब्द नव्या करारात केवळ दोनदाच येतो : एकदा येथे, आणि एकदा त्या अंगणात, जेथे पेत्र शेकत उभा राहून नाकारीत होता. कोळशाच्या भट्ट्यांपाशी जन्म काढलेल्या भिलाईकरांना सांगावयास नको की त्या धुराचा वास माणसाच्या स्मृतीत किती खोल बसतो. पेत्राला तो वास आला असेलच. पण ह्या वेळी विस्तवावर मासळी होती, बाजूला भाकर होती, आणि बोलावणारा तो स्वतः होता. आधी त्याने भुकेल्यांना जेवू घातले. मग तीन प्रश्न विचारले.

प्रभूला ओळखताच पेत्राने अंगरखा कमरेला गुंडाळला आणि पाण्यात उडी घेतली. किनारा दोनशे हात दूर होता. नावेत राहिलेल्यांच्या हाती ते भरलेले जाळे आले. ज्याच्यासाठी ते रात्रभर जागले तो तर पुढे निघून गेला होता. त्यांनी हाका मारल्या नाहीत, कुरकूर केल्याचेही लिहिलेले नाही. ते जाळे ओढीत ओढीत सावकाश काठाला आले, आणि तेथे त्यांच्यासाठीही भाकर होती.