काळाचे साक्षीदार

संगणकाच्या पोटांतलें घड्याळ स्वभावतःच चुकार. उष्णता कमीअधिक झाली कीं त्याची चाल बिघडते, म्हणून त्याला बाहेरच्या खऱ्या काळाशीं वारंवार जुळवावें लागतें. डेव्हिड मिल्स यांनीं १९८५ सालीं 'नेटवर्क टाइम प्रोटोकॉल'चा आराखडा प्रसिद्ध केला, तो याच कामासाठीं. त्यांच्या परंपरेंतील 'एनटीपीडी' या आज्ञावलीनें रेडिओ-घड्याळें, उपग्रह-ग्राहक इत्यादि यंत्रांची भाषा जाणणारे ड्रायव्हर आपल्याच उदरांत सांठविले; त्यांचे अनुक्रमांक चाळिशीपलीकडे गेले. रिचर्ड कर्नो यांनीं १९९७ सालीं आरंभिलेल्या 'क्रोनी'नें मात्र निराळा मार्ग धरला. ग्राहकाशीं बोलण्याचें काम 'जीपीएसडी'सारख्या स्वतंत्र आज्ञावलीनें करावें, आणि तिनें दिलेली वेळ आपण सामाईक स्मृतींतून अगर सॉकेटमधून घ्यावी, अशी ही वांटणी.

वरवर पाहतां हा कारागिरांचा घरगुती वाद. परंतु दुसऱ्याच्या साक्षीवर विसंबून आपण बोललों, आणि तें खोटें ठरलें, तर दोष कोणाचा, हा नीतीचा जुना प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे.

२०२१ सालीं तो प्रत्यक्ष उभा राहिला. जीपीएसडीच्या ३.२० ते ३.२२ या आवृत्त्यांत आठवडे मोजण्याची एक चूक होती. तिच्यामुळें २४ ऑक्टोबर रोजीं काळ एकदम १०२४ आठवडे मागें, म्हणजे मार्च २००२ मध्यें, जाणार होता. चूक आधींच ध्यानांत येऊन सुधारलेली आवृत्ति निघाली, हें खरें. परंतु ज्यानें ती बसविली नाहीं, त्याच्या कालरक्षकानें काय म्हणावें? 'मला असें सांगण्यांत आलें' हें उत्तर कारकुनाला शोभेल, रक्षकाला नाहीं. वेळ चुकली कीं प्रमाणपत्रें नाकारलीं जातात, नोंदींचा क्रम उलटसुलट होतो. आणि ज्याचें नुकसान होतें त्याला आज्ञावल्यांची अंतर्गत वांटणी ठाऊकही नसते.

मग सारे ड्रायव्हर पुन्हां घरांत घ्यावेत काय? मला तसें वाटत नाहीं. घरांत घेतल्यानें ड्रायव्हर बिनचूक होतो थोडाच! उलट, घड्याळ फिरविण्याचा अधिकार असलेल्या आज्ञावलीच्या आंत जुनाट, कोणी न तपासलेला मजकूर राहणें अधिक भयावह. 'एनटीपीसेक'च्या मंडळींनीं अशा कित्येक ड्रायव्हरांना रजा दिली. (एखाद्याच्या फळीवर तसलें यंत्र अजून चालूं असेल, त्याची काळजी कोणीं करावी, हें मात्र कोणी सांगत नाहीं.)

परका साक्षीदार खुशाल बोलवावा, परंतु उलटतपासणीचा हक्क सोडूं नये. एनटीपीडी आणि क्रोनी या दोहोंतही अनेक उगमांची तुलना करून बहुमताशीं न जुळणाऱ्यास बाजूस सारण्याची सोय आहे. एकाच ग्राहकावर भिस्त ठेवणाऱ्याच्या यंत्रांत ती नुसती पडून राहते; तुलनेला दुसरें कांहीं नसतेंच.