आधी झोप, मग भाकर



आपल्या भागात दहावीच्या मुलांना चिंतामणराव देशमुखांचे नाव सांगितले जाते. रोह्यात वाढलेला हा मुलगा १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला आला. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. परंतु महाराष्ट्राने त्यांना मनात ठेवले ते १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले म्हणून. ही दुसरी गोष्ट आपण मुलांना कितीदा सांगतो?

पवित्र शास्त्रात एलिया संदेष्टा थकून एका झुडपाखाली बसतो आणि देवाजवळ मरण मागतो (१ राजे १९). देव त्याला रागवत नाही, उपदेशही करीत नाही. एलिया झोपतो. देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो. तो पुन्हा झोपतो, पुन्हा खातो. होरेबची चाळीस दिवसांची वाट त्यानंतर सुरू होते.

मुलांनो, परीक्षेआधी छाती धडधडते, पोटात गोळा येतो, पाठ केलेले आठवत नाही. हा भित्रेपणा नव्हे. संकट दिसले की शरीर पळायला सज्ज होते, त्याचीच ही खूण. थोडी भीती पुस्तकाकडे नेते, फार झाली की डोके चालेनासे होते. अशा वेळी श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. मग सगळा विषय नको, एकच धडा उघडा. आणि रात्री झोपा. वाचलेले मनात मुरते ते झोपेत.

आईवडिलांनो, सराव परीक्षेचे गुण ताटावर विचारू नका. (शेजारच्या मुलीचे टक्के तर मुळीच नकोत!) आधी पोटभर जेवू द्या. मूल जेवेनासे झाले, मित्रांना टाळू लागले, 'मी नसलो तरच बरे' असे बोलले, तर ते नाटक समजू नका. जवळ बसा, सरळ विचारा, एकटे सोडू नका. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीतूनही बोलता येते. तो घरात दिसेल असा लिहून ठेवा.

आणखी एक. दहावीत नापास झालेल्यांची फेरपरीक्षा २०१५ पासून निकालानंतर त्याच वर्षी घेतली जाते. पुष्कळ मुलांना हे निकालाच्या दिवशी रडता रडता कळते. तुम्ही आजच सांगा, जेवणे झाल्यावर.