पोटभर पेज आणि मूठभर शेव

‘मी खाते तरी काय? हवा लागली तरी अंगाला चढते!’ हे वाक्य कधीच ऐकू आलं नाही असं मराठी घर सापडणं कठीण. त्यावर हल्ली एक उत्तर तयार असतं : तुम्ही कमी खाता म्हणूनच जाड होता, जास्त खा, वजन उतरेल. ऐकायला इतकं गोड की संशयच यावा. पण ते साफ खोटं नाही. त्यात खरं किती, हे पुण्या-मुंबईच्या जिमपेक्षा नंदुरबार तालुक्यातल्या धानोऱ्यासारख्या गावात जास्त स्वच्छ दिसतं.

आधी खोटा भाग निकालात काढू. 1992 साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी ‘आम्ही अगदी कमी खातो, तरी वजन हलत नाही’ म्हणणाऱ्या लठ्ठ माणसांचं खाणं काटेकोर मोजलं. त्यांच्या शरीराचा ऊर्जाखर्च ठाकठीक निघाला. पोटात गेलेल्या कॅलरींपैकी जवळपास निम्म्या मात्र त्यांनी सांगितल्याच नव्हत्या. ही लबाडी नव्हे. फोडणी देताना तोंडात टाकलेले शेंगदाणे, पोराच्या ताटात उरलेला भात, चहाबरोबरची खारी, हे कोण लक्षात ठेवतं?

उपासमारीत शरीर हात आखडता घेतं, हे खरंच आहे. मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 साली 36 तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्या शरीरांनी ऊर्जेचा खर्च आवरला, तरीही वजन सुमारे पाव हिश्शानं उतरलं. कमी खाऊन जाड झालेला त्यांत एकही नव्हता. पुढे अन्न मोकळं झाल्यावर मात्र त्यांना अशी खा खा सुटली की पोट भरूनही मन भरेना. नवरात्रात कडक उपास करून कोजागिरीपर्यंत सगळं वजन परत आणणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

महाराष्ट्रानं हा वाद वेगळ्याच अंगानं रंगवला. ऋजुता दिवेकर यांनी 2009च्या पुस्तकातून दर दोन तासांनी थोडं थोडं खायला सांगितलं, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावर उभं राहून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसातून दोनदाच, तेही 55 मिनिटांत जेवण आटपायला सांगितलं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा दोन तट पडले. मला विचाराल तर हे घड्याळाचं भांडण आहे. दोनदा जेवणाऱ्याचं अधलं-मधलं चरणं सुटतं. दर दोन तासांनी मूठभर दाणे किंवा एखादं फळ खाणारा संध्याकाळी सहाला फरसाणाच्या डब्यावर तुटून पडत नाही. ज्याला जे झेपलं, त्याचं वजन त्यानं उतरलं. दोन्हीकडे खरं काम केलं ते डबा बंद राहण्यानं.

तेव्हा प्रश्न डब्याचा. पोट भरलं हे बऱ्याच अंशी ठरतं अन्नाच्या आकारमानावर. अंगाला लागतात त्या कॅलरी. या दोहोंची सांगड अन्नागणिक बदलते. 100 ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. तेवढ्याच काकडीतून मिळवायच्या तर तीन-साडेतीन किलो काकडी खावी लागेल, आणि ते कुणाच्या बापाच्यानं होणार नाही. 2019 साली अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी 20 जणांना महिनाभर संशोधन रुग्णालयात ठेवलं : दोन आठवडे कारखान्यातलं पाकीटबंद खाणं, दोन आठवडे घरगुती पद्धतीचं. समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, मेद, तंतू सारखेच. हवं तेवढं खायची मुभा. पाकिटांवर असताना माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन बसली आणि त्यांचं वजन किलोभर वाढलं. साध्या जेवणावर तेवढंच घटलं. ‘जास्त खा’ या सल्ल्यातलं खरं एवढंच : भाजी, डाळ, भाकरी, फळं यांनी ताट भरा. ताट मोठं, कॅलरी कमी.

आता धानोरा. नंदुरबार जिल्ह्यात दहापैकी जवळजवळ सात माणसं आदिवासी. दादर ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ आणि मिरचीचा ठेचा हे इथलं जेवण. मिरचीच्या पथारीवर दिवसभर वाकून राबणाऱ्या किंवा कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला ‘वजन कसं उतरवू’ हा प्रश्न कधी पडला असेल? तिच्या कडेवरच्या वर्षाच्या पोराचा प्रश्न नेमका उलटा आहे, पण नियम तोच. एवढ्या पोराचं पोट जेमतेम वाटीभर. त्यात पातळ पेज ओतली की ते भरतं, पोर तोंड फिरवतं, आईला वाटतं जेवलं. त्या वाटीत कॅलरी असतात सत्तर-ऐंशी. अंगावर पिणाऱ्या मुलालाही या वयात वरच्या अन्नातून साडेपाचशे लागतात. म्हणजे दिवसाला सात-आठ वाट्या पेज. पोर पोटभर खातं आणि खंगतं. म्हणून पेज घट्ट करा, वर चमचाभर तेल घाला, असं सांगतात. त्या एका चमच्यानं पंचेचाळीस कॅलरी वाढतात, वाटी तेवढीच राहते.

पोर फारच खंगलं तर जगभर शेंगदाणे, दूधपूड, साखर आणि तेल यांची दाट पेस्ट देतात. तिच्या 100 ग्रॅममध्ये कॅलरी किती? 520 ते 550. म्हणजे आपल्या शेवेइतक्याच. मरणाच्या दारातल्या मुलाला अंग धरायला लावण्यासाठी जेवढं दाट अन्न शास्त्रानं मुद्दाम तयार केलं, तेवढंच दाट अन्न आपण टीव्हीसमोर बसून वाटी वाटी खातो, तेही पेस्टमधली जीवनसत्त्वं आणि क्षार वगळून. मग अंगाला चढतं म्हणून नवल करतो!

यातली काळजीची गोष्ट पुढे आहे. पाच रुपयांच्या शेव-फरसाणाच्या पुड्यांच्या माळा आता पाड्यावरच्या टपरीतही लटकतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक 1993 पासून खेड्यांतल्या माता-बालकांचा अभ्यास करत आले. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा आपली बाळं कितीतरी हलकी जन्मतात, पण त्या किडकिडीत अंगात चरबीचं प्रमाण जास्त, हे त्यांनी दाखवलं. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला : दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक 22.3, पण युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. ज्याचं बालपण पेजेवर गेलं, त्याच्या हातात तरुणपणी पुडी आली, तर तो बारीक दिसतच मधुमेहाकडे जाऊ शकतो. वजनकाट्याला ते कळतसुद्धा नाही.

दिवाळीत हे वाचत असाल, तर शेजारी चकलीची ताटली असणारच. खुशाल खा, सण वर्षातून एकदाच येतो. फक्त आधी पोटभर जेवा आणि डबा हाताशी ठेवू नका. धानोऱ्याकडच्या अंगणवाडीला काही पाठवायचं मनात आलं, तर बिस्किटांचे पुडे नकोत. शेंगदाणे, गूळ आणि तेल पाठवा.