तिथी ठरलेला अतिथी

'अतिथी' हा शब्द भ्रमणवाचक 'अत्' धातूपासून साधला जात असला, तरी आपल्या नीतिविचारात रुजली ती त्याची दुसरी फोड : ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही, तो. या फोडीत यजमान बेसावध आहे आणि पाहुणा त्याच्या औदार्यावर विसंबून आहे. दोघांचे नाते या परस्पर-असुरक्षिततेतून घडते. आलिशान पर्यटननौकेतून उतरून एखाद्या उष्णकटिबंधीय बेटावर एक दिवस घालवणारा प्रवासी या अर्थाने अतिथी ठरतो काय? त्याची तर तिथीच नव्हे, परतीच्या शेवटच्या होडीची वेळही आधीच छापलेली असते.

कॅरिबियन समुद्रातील सेंट बार्ट्‌स हे सुमारे २५ चौरस किलोमीटरांचे, धनिकांचे म्हणून ख्यात असलेले फ्रेंच बेट. त्याच्या गुस्ताव्हिया बंदरात मोठी जहाजे शिरू शकत नाहीत. ती बाहेर नांगर टाकतात व प्रवाशांना लहान होड्यांनी किनाऱ्यावर आणले जाते. (आगबोटीचा काळ ठाऊक असलेल्या कोकणातील वाचकाला येथे पडाव आठवेल, मात्र पडावातून उतरणारा बहुधा घरी चाललेला असे.) बंदराचे नाव स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव्ह याच्यावरून पडले आहे, कारण १७८४ ते १८७८ या काळात बेट स्वीडनकडे होते. रस्त्यांच्या पाट्यांवर अजूनही स्वीडिश नावे आढळतात व प्रवाशाला ती मौजेची वाटतात. परंतु १७८५ मध्ये खुले झालेल्या याच बंदरातून माणसांचाही व्यापार झाला, आणि येथील गुलामगिरी संपली ती १८४७ मध्ये. बेटाच्या मानचिन्हावर 'वानालाओ' हे मूळ रहिवाशांनी दिलेले नावही आहे. म्हणजे संहिता लपवलेली नाही. ती वाचण्याची गरजच भासू नये, एवढीच व्यवस्था आहे.

जमैका किंकेड यांचे 'अ स्मॉल प्लेस' (१९८८) हे अँटिग्वाविषयीचे पुस्तक या व्यवस्थेवरच घाव घालते. प्रवाशाचा आनंद स्थानिकांच्या जगण्याविषयीच्या अज्ञानावर उभा असतो, हा त्यांचा आरोप. मला तो अर्धाच पटतो. एका दिवसात कोणीही फारसे जाणू शकत नाही आणि अशक्य गोष्टीचा दोष देता येत नाही. दोष असलाच तर तो, जेथे काही जाणावेच लागणार नाही अशी जागा विकत मागण्यात आहे. सेंट बार्ट्‌समध्ये ही मागणी अधिक पूर्णपणे भागते. अँटिग्वात निदान दारिद्र्य डोळ्यांत खुपते. येथे दिवसभराचा प्रवासी स्वतःच गरीब ठरतो. खासगी नौका आणि दागिन्यांची दुकाने न्याहाळताना त्याच्या मनात अपराधभावाऐवजी हेवा येतो, व हेवा करणाऱ्याला आपण कोणाचे देणे लागतो असे सहसा वाटत नाही. शिवाय ज्याच्या दारी आपण आलो, तो यजमान सापडतच नाही : टेबलावर पाणी आणून ठेवणाराही पुष्कळदा दुसऱ्याच देशातून कामासाठी आलेला असतो. या बेटावर नदी नाही. ते पाणी पावसाच्या टाक्यांतले किंवा समुद्राचे खारेपण काढलेले असते. अतिथ्याच्या नात्यात पाण्याचे ऋण उरते. तिकिटाने ते आगाऊच फेडलेले असते.

किंकेड हे ऋण पुन्हा उभे करतात ते एका सर्वनामाने. पुस्तकाचा पहिला भाग प्रवाशाला थेट द्वितीय पुरुषात संबोधतो, आणि इंग्रजीत हे संबोधन एकेरी की आदरार्थी हे ठरवावे लागत नाही. मराठी अनुवादकाला ते टाळता येणार नाही. 'तुम्ही' म्हटले तर ती गिऱ्हाइकाची अदब होते, जी विमानतळापासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत प्रवाशाला मिळतच असते. 'तू' म्हटले तर आरोपीच्या पिंजऱ्यातील जवळीक येते. त्यातून मराठी वाचकाचे स्थान दुहेरी आहे. १९४७ पर्यंत तोही याच साम्राज्याचा प्रजाजन होता, आणि आज त्या जहाजाचे तिकीट त्यालाही परवडू शकते. मी अनुवाद केला तर 'तू' निवडीन. मात्र ते उच्चारणारी बेटावरची बाई त्या क्षणी वाचकाहून वडीलधारी वाटली पाहिजे, आणि हे केवळ क्रियापदांच्या रूपांतून साधणे कठीण आहे.